रॅनिटिडीन, खान्देशातलं ऊन आणि माझं पोट

पर्समध्ये, शाळेतल्या टेबलाच्या खणात आणि स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या फळीवर, अशी रॅनिटिडीनची, म्हणजे पित्तावरच्या गोळीची, पाकिटं माझ्याकडे कायम असायची. सुरुवात कंबरदुखीपासून झाली. डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि त्यांच्या जोडीला 'पोट बिघडू नये म्हणून' ही दीडशे मिलिग्रॅमची एक. कंबर महिन्याभरात बरी झाली, वेदनाशामक सुटलं, ही गोळी मात्र राहिली. मेडिकलवाल्याला चिठ्ठी लागत नव्हती, गोळी दीड-दोन रुपयांना पडायची आणि गुणही खरंच यायचा. रात्री शेवभाजी झाली, लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी झाली, की अंथरुणावर पडल्यावर छातीच्या हाडामागे जळजळ सुरू व्हायची, घशाशी आंबट पाणी यायचं. गोळी घेतली की तासाभरात शांत. अशी वर्षं गेली.

आमच्याकडे हे घराघरात आहे, म्हणून आधीच सांगते, या औषधाला मी शिव्या देणार नाही. १९८१मध्ये ग्लॅक्सो कंपनीनं ते इंग्लंडमध्ये 'झँटॅक' या नावानं बाजारात आणलं आणि काही वर्षांतच ते जगातलं सर्वांत जास्त विकलं जाणारं औषध झालं. त्याआधी पोटातल्या व्रणासाठी माणसांची पोटं फाडावी लागत. रॅनिटिडीन आणि त्याच्या आधी आलेलं सिमेटिडीन यांनी हजारो लोकांच्या शस्त्रक्रिया टाळल्या. पोटातल्या ज्या पेशी आम्ल तयार करतात, त्यांना हिस्टामीन नावाचं रसायन 'सोडा आता' असा निरोप देतं. ही औषधं तो निरोप पोहोचू देत नाहीत.

२०२५च्या एप्रिलमध्ये चोपड्यात नात्यातलं लग्न होतं. माझ्या बहिणीचा मुलगा त्यासाठी आमच्याकडे उतरला. तो संभाजीनगरजवळच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. दुपारी पारा ४४च्या वर, पंख्यातून गरम वारा. जेवण झाल्यावर मी सवयीनं फळीवरून पाकीट काढलं, तसं त्यानं ते माझ्या हातातून घेतलं. नाव वाचेल असं मला वाटलं, तर त्यानं पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली.

"मावशी, हे नेहमी इथंच असतं?"

"मग कुठं ठेवू?"

"शेगडीच्या डोक्यावर! ३० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलंय यावर. आणि जिथून आणतेस तिथं एसी आहे?"

आमच्या मेडिकलला एसी नाही. वर पत्रा आहे, दुपारी कूलर लावतो तो गिऱ्हाइकासाठी आणि स्वतःसाठी.

मग तो तासभर बोलत बसला. त्यानं जे सांगितलं ते मी नंतर ताडून पाहिलं, म्हणून इथं खात्रीनं लिहिते.

रॅनिटिडीनच्या रेणूच्या एका टोकाला डायमिथाइलअमाइनचा गट असतो आणि दुसऱ्या टोकाला नायट्रो गट. रेणू मोडायला लागला की या दोन टोकांमधून निघालेले तुकडे एकमेकांना भेटतात आणि एक तिसराच पदार्थ तयार होतो, एन-नायट्रोसोडायमिथाइलअमाइन. सगळे त्याला एनडीएमए म्हणतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं तो '२ए' गटात टाकलाय, म्हणजे माणसात बहुधा कर्करोगकारक. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं यकृताचे आणि इतर अवयवांचे कर्करोग झालेले दिसले आहेत. धुरावलेल्या आणि खारवलेल्या मांसात, बिअरमध्ये, काही ठिकाणी पाण्यातही तो थोडाफार असतो.

"पण भेसळ तर कुठल्याही औषधात निघू शकते," मी म्हटलं.

"भेसळ नाही ही, मावशी. २०१८मध्ये रक्तदाबाच्या व्हाल्सार्टनमध्ये हाच पदार्थ सापडला होता. तिथं कारखान्यातली रासायनिक प्रक्रिया चुकली होती. प्रक्रिया सुधारली की प्रश्न मिटतो. इथं गोळी कारखान्यातून स्वच्छ निघाली तरी नंतर ती आपली आपणच मोडते. जितकी जुनी आणि जितकी तापलेली, तितका एनडीएमए जास्त."

हे वाक्य माझ्या मनात बसलं. तोवर 'औषधात कर्करोगाचं काहीतरी सापडलं' अशा बातम्या मी परदेशातल्या म्हणून सोडून द्यायचे. ही बातमी तर आमच्या उन्हाची होती.

घटनांचा क्रम असा. सप्टेंबर २०१९मध्ये अमेरिकेतल्या व्हॅलिशुअर नावाच्या ऑनलाइन औषधविक्रेत्या कंपनीनं तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला कळवलं की रॅनिटिडीनच्या गोळ्यांत एनडीएमए प्रचंड प्रमाणात सापडतंय. त्यांचा आकडा होता एका गोळीत ३० लाख नॅनोग्रॅम. एफडीएनं ठरवलेली मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. भाच्यानं इथं मला थांबवलं. व्हॅलिशुअरच्या पहिल्या चाचणीत नमुना १३० अंशांपर्यंत तापवला जायचा आणि त्या उष्णतेनंच एनडीएमए तयार होत होतं. एफडीएनं न तापवता चाचणी केली तेव्हा आकडे कितीतरी खाली आले. तरीही काही नमुने ९६च्या वर होतेच. पुढं त्यांनी गोळ्या जास्त तापमानात ठेवून पाहिल्या, तर प्रमाण काळाबरोबर वाढत गेलं. म्हणून १ एप्रिल २०२० रोजी एफडीएनं रॅनिटिडीनची सगळी उत्पादनं बाजारातून काढून घ्यायला सांगितली. त्याच महिन्याच्या शेवटी युरोपच्या औषध संस्थेनंही विक्री थांबवण्याची शिफारस केली.

९६ नॅनोग्रॅम म्हणजे किती? एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातले ९६. दीडशे मिलिग्रॅमच्या गोळीत १५ कोटी नॅनोग्रॅम रॅनिटिडीन असतं, त्या शेजारी हे ९६. आणि ही मर्यादा 'याच्या वर गेलं की कर्करोग' अशी नसते. एवढं प्रमाण रोज, सलग ७० वर्षं पोटात गेलं तर एक लाख माणसांमागे एकाला जादा कर्करोग होण्याची शक्यता, असा तिचा हिशेब आहे. भाच्यानं हे मला दोनदा समजावून सांगितलं. माझा चेहरा त्याला दिसत होता.

कारण माझे वडील, अण्णा, अन्ननलिकेच्या कर्करोगानं गेले. मुंबईला टाटा रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर बसून आम्ही नंबराची वाट पाहिलेली आहे. शेवटी त्यांना घोटभर पाणी गिळता येत नव्हतं. त्यामुळे छातीत जळजळ, कर्करोग आणि रोजची गोळी हे तीन शब्द एकत्र ऐकल्यावर मला त्या रात्री झोप आली नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये गेले. दुकानदार माझ्या ओळखीचा, माझ्या शाळेत शिकलेला. मी म्हटलं, "ही गोळी अमेरिकेत बंद आहे, तुला माहीत आहे का?"

"मॅडम, आपल्याकडे बंद नाही. बंद असती तर एजन्सीनं माल दिला असता का? दिवसाला किती पाकिटं जातात बघा."

त्याचं बरोबर होतं. भारतात रॅनिटिडीनवर बंदी नाही. सप्टेंबर २०१९मध्ये देशाच्या औषध महानियंत्रकांनी राज्यांना पत्र लिहून कंपन्यांकडून तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. सप्टेंबर २०२२मध्ये केंद्राची अत्यावश्यक औषधांची नवी यादी आली, तिच्यातून २६ औषधं वगळली, त्यांत रॅनिटिडीन होतं. यादीतून गेलं, दुकानातून गेलं नाही. आणि मी ही चौकशी करत होते त्याच वर्षी, जुलै २०२५मध्ये, महानियंत्रकांनी पुन्हा राज्यांना कळवलं की कंपन्यांनी एनडीएमएचं प्रमाण तपासत राहावं आणि गरज पडली तर गोळीची मुदत कमी करण्यासारखे उपाय करावेत.

मुदत कमी करणं योग्यच आहे. पण मला सारखी दिसत होती ती गोळीची वाट. कारखान्यातून ट्रकमध्ये, ट्रकमधून जळगावच्या एजन्सीच्या गोदामात, तिथून टेम्पोनं चोपड्याला, पत्र्याखालच्या दुकानात, मग माझ्या स्कूटीच्या डिकीत आणि शेवटी शेगडीच्या वर. आपल्या देशासाठी औषध किती टिकतं हे ३० अंशांना ठेवून पाहतात, शिवाय ४० अंशांना सहा महिने ठेवूनही बघतात, असं भाचा म्हणाला. भुसावळला आणि जळगावला मे महिन्यात ४५ ही नवलाची गोष्ट नाही. शाळेच्या आवारात दुपारभर उभ्या असलेल्या स्कूटीच्या डिकीत किती होत असेल? पत्र्याच्या घरात मार्च ते जून रात्रीसुद्धा खोली ३०च्या खाली उतरत नाही. हा प्रश्न एकट्या रॅनिटिडीनचा नाही, पण रॅनिटिडीनला ऊन सोसत नाही हे सिद्ध झालेलं आहे, आणि ऊन आमच्याइतकं कुणाकडे आहे? इथल्या दुकानातल्या, इथल्या घरातल्या गोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी उचलून तपासायला हव्यात. कारखान्याच्या दारातला नमुना आमच्याबद्दल काही सांगत नाही.

या सगळ्यात घरात फोनवरून बातम्या फिरायला लागल्या होत्या. माझ्या धाकट्या जावेनं एक व्हिडिओ बघितला आणि त्याच दिवशी गोळ्या कचऱ्यात टाकल्या. तीही कित्येक वर्षं रोज घेत होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला अशी जळजळ सुरू झाली की तिला वाटलं, झालाच कर्करोग. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी तिला आणि मला एकत्र बसवून सांगितलं, आम्ल दाबणारी गोळी बरेच दिवस घेतली आणि एकदम सोडली की काही काळ पित्त उलट जास्त उसळतं. तो रोग नसतो, सुटण्याचा त्रास असतो. त्यांनी आम्हा दोघींनाही रॅनिटिडीन बंदच केलं, पण जागा रिकामी ठेवली नाही. काही दिवस फॅमोटिडीन दिलं, ते याच जातीचं औषध आहे, पण त्याचा रेणू वेगळा असल्यानं हा एनडीएमएचा प्रकार त्यात दिसलेला नाही. नंतर तेही एक दिवसाआड, आणि मधल्या दिवशी जळजळलं तर पातळ अँटासिड.

मला मात्र त्यांनी आणखी एक विचारलं, जे इतक्या वर्षांत कुणीही विचारलं नव्हतं. "मॅडम, तुम्ही ही गोळी किती वर्षं घेताय? आणि कशासाठी?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "मग जळगावला पोटाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. गोळीमुळे नाही, ज्यासाठी गोळी घेत होता त्यासाठी."

तापीचा पूल ओलांडून जळगावला जाताना दोन्ही बाजूंना केळी, आणि माझ्या पोटात भीती. काकूनं आधीच सांगून ठेवलं होतं की दुर्बीण म्हणजे पोटात नळी घालून फाडतात. तसं काही नसतं, हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडच्या बायका या भीतीपायी वर्षानुवर्षं दुर्बीण टाळतात.

पोटाच्या डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले. वजन घटलं का? गिळताना अडकतं का? शौचाला काळं होतं का? उलटीतून रक्त? रक्त कमी आहे का? घरात कुणाला पोटाचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग? शेवटच्या प्रश्नाला मी अण्णांचं सांगितलं. ते काही क्षण थांबले आणि म्हणाले, "तंबाखू होती का?" होती. सकाळी उठल्यापासून तळहातावर चुना-तंबाखू.

मग मी एनडीएमएचं विचारलं. हे डॉक्टर घाईत असतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी कागद ओढला. म्हणाले, दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. गोळीत नको तो पदार्थ तयार होतो, हे पक्कं आहे, म्हणून ती घेऊ नये, बदली औषधं आहेत. गोळी घेतलेल्या माणसांना कर्करोग जास्त झाला का, हा दुसरा प्रश्न, आणि त्याचं आजवरचं उत्तर बरंचसं दिलासा देणारं आहे. २०२१मध्ये एफडीएच्या शास्त्रज्ञांनी १८ निरोगी माणसांना रॅनिटिडीन देऊन त्यांच्या लघवीत एनडीएमए वाढतं का ते पाहिलं. वाढलं नाही. म्हणजे पोटात गेल्यावर शरीरात ते बनत असेल, ही मोठी भीती खरी ठरली नाही. २०२३मध्ये अनेक देशांतल्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास आला, ११ लाखांहून जास्त माणसांचा. रॅनिटिडीन घेणाऱ्यांची तुलना त्याच जातीची दुसरी औषधं घेणाऱ्यांशी केली. कर्करोगाच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

"पण अमेरिकेत तर कंपनीनं पैसे भरले," माझा भाऊ सोबत होता, तो म्हणाला. त्यानं फोनवर वाचलेलं. ते खरं आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये ग्लॅक्सोनं सुमारे ८० हजार दावे मिटवण्यासाठी २.२ अब्ज डॉलरपर्यंत द्यायचं कबूल केलं, दोष मान्य न करता. आणि डिसेंबर २०२२मध्ये फ्लोरिडाच्या केंद्रीय न्यायालयानं हजारो दावे फेटाळले होते, कारण तज्ज्ञांचे पुरावे शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत असं न्यायाधीशांचं मत पडलं, हेही खरं आहे. कोर्टातला समेट बघून पोटाचं निदान करू नका, एवढंच डॉक्टर म्हणाले.

पुढं त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. एनडीएमए ज्या कुळातलं आहे, नायट्रोसअमाइन, त्याच कुळातले पदार्थ तंबाखूत असतात. चघळायच्या तंबाखूतले तर माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेले, पहिल्या गटातले. आणि त्यांचं प्रमाण ९६ नॅनोग्रॅमच्या आसपासही थांबत नाही, एका ग्रॅम तंबाखूत ते हजारो नॅनोग्रॅमनी असतात. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे आणि आमच्या प्रत्येक फाट्यावर पुड्या मिळतात. अण्णांच्या पोटात रोज काय जात होतं, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. माझ्या घरातली, माझ्या शेजारची माणसं रॅनिटिडीनच्या बातमीनं घाबरली, हे चांगलंच झालं. त्यातल्या मिसरी लावणाऱ्या बायकांना आणि विमल खाणाऱ्या पोरांना मी तेव्हापासून हा एकच हिशेब सांगते, ९६ नॅनोग्रॅमचा आणि त्यांच्या चिमटीतल्या तंबाखूचा.

दुर्बिणीच्या आधी दोन आठवडे पित्ताची कुठलीच गोळी घ्यायची नाही, असं सांगितलं होतं, कारण गोळी चालू असली की एक चाचणी खोटी येऊ शकते. ते दिवस कठीण गेले. रात्रीचं जेवण सातला, कळण्याची भाकरी आणि मुगाची पातळ डाळ. उशाकडचे पलंगाचे पाय विटांवर चढवले, डाव्या कुशीवर झोपायला लागले. याचा मला जेवढा उपयोग झाला तेवढा मी कधी अपेक्षिला नव्हता. ठेचा बंद केला नाही, रात्रीचा दुपारी नेला.

तपासणीच्या दिवशी उपाशीपोटी गेले. घशात कडू फवारा मारला, जीभ आणि पडजीभ बधिर झाली, लाळ गिळता येईना. डाव्या कुशीवर झोपवून तोंडात प्लास्टिकचं कडं धरायला दिलं. नळी जाताना ओकारी येते, नर्स पाठीवर हात ठेवून "नाकानं श्वास घ्या मावशी, लांब घ्या" म्हणत होती. चार-पाच मिनिटांत संपलं. फाडणं नाही, टाका नाही, तासाभरात चहा.

निदान असं आलं की पोटाचा वरचा भाग किंचित वर सरकलाय, अन्ननलिकेच्या टोकाला थोडी सूज आहे, बाकी काही नाही. आणि पोटाच्या आतून काढलेला एक कण त्यांनी पिवळ्या जेलच्या छोट्या चकतीत ठेवला होता. मी बाहेर बसले असतानाच ती चकती गुलाबी झाली. म्हणजे पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे.

हा जिवाणू व्रण करतो हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी दाखवलं, मार्शल यांनी तर तो स्वतः पिऊन पाहिला. २००५मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९९४पासून हा जिवाणू कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे, तंबाखूच्या पंगतीत, एनडीएमएच्या वर. आपल्या देशात निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात तो असतो, बहुतेकांना काहीच होत नाही. पण असेल आणि त्रास असेल, तर तो काढावा. रोजची गोळी आग विझवत राहिली, म्हणून आग कशाची ते पाहायला कुणी गेलंच नाही. माझ्या मते रॅनिटिडीनपासून, आणि तिच्याजागी आता सरसकट मिळणाऱ्या पँटोप्रॅझोल-ओमेप्रॅझोलपासूनही, आमच्या भागातल्या माणसांना असलेला खरा धोका हाच आहे. त्याही गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या नसतात. बी-१२ कमी होतं, मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं ठिसूळ होण्याशी संबंध जोडला गेलाय. एक पाकीट जाऊन दुसरं फळीवर आलं, तर काय बदललं?

जिवाणूचा उपचार १४ दिवसांचा. दोन प्रतिजैविकं, बिस्मथ आणि एक आम्ल कमी करणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ मूठभर. तोंडाला सतत धातूची चव, जीभ काळी, शौचालाही काळं. बिस्मथमुळे असं होतं हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. मधेच सोडावंसं वाटलं की नवरा पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभा राहायचा. कोर्स संपल्यावर महिनाभर थांबून शौचाची तपासणी केली. जिवाणू गेलेला आहे.

आता रोज गोळी नाही. लग्नसराईत कधी जळजळलं तर अँटासिड, फारच झालं तर फॅमोटिडीन. शाळेच्या खणातलं पाकीट गेलं. घरातली सगळी औषधं आतल्या, सर्वांत थंड खोलीतल्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात. फ्रिजमध्ये नाही, तिथं दमट असतं.

माझ्या चुलत घरी एरंडोलला काकू आहेत, सत्तरीच्या. गुडघ्यासाठी वेदनाशामक रोज, आणि त्याच्यासोबत रॅनिटिडीन रोज. डबा धाब्याच्या खोलीत, खिडकीत. मी समजावायला गेले तर त्या म्हणाल्या, "पोटमा आग पडस माय, गोयी नही लिधी ते झोप येत नही." त्यांची गोळी मी बंद केली नाही. वेदनाशामक रोज घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं पोट उघडं सोडलं तर व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, तो धोका नॅनोग्रॅमच्या धोक्यापेक्षा कितीतरी जवळचा. मी एका कागदावर लिहून काढलं, कोणती गोळी, कुणी दिली, कधीपासून, किती वेळा, कुठे ठेवतात. कागद घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघ्याचं औषध बदललं, रॅनिटिडीनच्या जागी दुसरी गोळी दिली आणि ती कुठवर घ्यायची ते चिठ्ठीवर तारखेसकट लिहिलं.

घरी आल्यावर काकूंनी खिडकीतला डबा माझ्या मांडीवर ठेवला. "मंग हाई गोयी आते कोठे टाकू?"

गोठ्याजवळच्या उकिरड्यावर टाकायच्या नाहीत, गुरं तोंड घालतात, हे त्यांनाही माहीत होतं. पाकिटांवरच्या तारखा बघितल्या, काही दोन उन्हाळे खाल्लेली होती. सगळी पिशवीत भरून मी चोपड्याला आणली आणि मेडिकलमध्ये दिली. दुकानदारानं मुदत संपलेल्या मालाच्या खोक्यात ती टाकली. त्याच्या दुकानात रॅनिटिडीन अजून आहे, लोक मागतात. पण आता तो पाकीट देताना विचारतो, "किती वर्षांपासून घेता?" आणि उत्तर लांबलं तर आधी डॉक्टरांकडे पाठवतो.